तिरुवैयारुला जाल तेव्हा समाधीच्या मागेही जा

तंजावर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बृहदीश्वराचं उंच शिखर, सोन्याच्या वर्खाची चित्रं, मान डोलावणारी बाहुली आणि 'तिकडे मराठ्यांचं राज्य होतं' हे शाळेत वाचलेलं एक वाक्य. बहुतेक मंडळी हे सगळं दीड दिवसात उरकतात आणि पुढे कुंभकोणम किंवा रामेश्वरमची वाट धरतात. तुमचंही तिकडे जायचं ठरत असेल तर एक अर्धा दिवस राखून ठेवा. तंजावरच्या उत्तरेला साधारण 13 किलोमीटरवर तिरुवैयारु नावाचं गाव आहे. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांसाठी ते पंढरपूरच.

आणि तुम्ही म्हणाल, 'आम्हाला कुठे कर्नाटक संगीत कळतं?' मलाही फारसं कळत नाही. माझ्या प्लेलिस्टवर अजूनही हिंदी-मराठी गाणीच जास्त आहेत. पण या गावात एका गानमंडळाची गोष्ट घडली आहे, जी कळायला राग ओळखता यावे लागत नाहीत. आजच्या भाषेत त्याला बायकांचा बँड म्हणा. सुमारे 13 वर्षं तो टिकला. त्यांचा मंच होता एका समाधिमंदिराच्या मागच्या बाजूला, कारण पुढच्या बाजूला बसायची त्यांना परवानगी नव्हती. गंमत अशी, की ते मंदिर त्यांच्यातल्याच एकीने स्वतःच्या पैशांनी बांधलं होतं.

पाच नद्या, पाच पूल

गावाच्या नावातच पत्ता आहे. तमिळमध्ये 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि कावेरी या त्या पाच. तंजावरहून बसने निघालात की एकामागून एक पूल लागतात आणि कावेरी ओलांडली की गाव येतं. सोबत मुलं असतील तर त्यांना पूल मोजायला लावा, मोबाइल आपोआप खाली ठेवला जातो.

कधी जायचं हे मात्र पाण्यावर ठरवा. कावेरीचं इथलं पाणी मेट्टूर धरणावर अवलंबून असतं. शिरस्ता असा, की धरणाचे दरवाजे 12 जूनला उघडायचे आणि 28 जानेवारीला बंद करायचे. म्हणजे जानेवारीत गेलात तर घाटाच्या पायऱ्यांना लागून नदी वाहताना दिसेल, दोन्ही बाजूंना हिरवीगार भातशेती असेल. एप्रिल-मेमध्ये गेलात तर पुलाखाली नुसती वाळू आणि त्यात क्रिकेट खेळणारी पोरं. तेही दृश्य वाईट नाही, पण एवढ्या लांब जाऊन कावेरीच नाही दिसली तर चुकल्यासारखं वाटतं.

गावात मोठं देऊळ आहे ऐयारप्परचं, म्हणजे पंचनदीश्वराचं. शंकराचं हे देऊळ फार जुनं आहे. त्याच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर एक जागा आहे, जिथे उभं राहून देवाला हाक मारली की प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा ऐकू येतो. सात वेळा येतो असं सांगतात. तुम्ही मोजून बघा. तिथे लहान मुलांइतकेच आजोबाही हौसेने ओरडताना दिसतात.

भोसल्यांच्या राज्यातला तेलुगू संत

आता समाधीकडे वळू. ही समाधी संत त्यागराजांची. जन्म 4 मे 1767, तिरुवारूरला. निधन 6 जानेवारी 1847, इथे तिरुवैयारुला. रामाची भक्ती हाच त्यांच्या आयुष्याचा व्यवसाय. शेकडो रचना त्यांनी केल्या आणि त्या बहुतेक सगळ्या तेलुगूत, काही थोड्या संस्कृतात. आजूबाजूला तमिळ बोलणारा मुलूख, घरात तेलुगू आणि राजवाड्यात मराठी! ही खिचडी लक्षात घेतली की तंजावर थोडंफार समजायला लागतं.

तारखा बघा. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1676च्या सुमारास तंजावर हाती घेतलं. 1855मध्ये इंग्रजांनी ते गादीसकट खालसा केलं. त्यागराजांची जवळजवळ 80 वर्षं पूर्णपणे या काळात बसतात. तुळजाजी, अमरसिंह, सरफोजी दुसरे आणि शिवाजी दुसरे अशा चार भोसले राजांची कारकीर्द त्यांनी पाहिली. सरफोजींनी त्यांना दरबारात गायला बोलावलं, भेटी पाठवल्या आणि त्यागराजांनी त्या परत केल्या, अशी परंपरेने चालत आलेली आठवण आहे. धन सुखाचं की रामाची सेवा, असा प्रश्न विचारणारी कल्याणी रागातली त्यांची प्रसिद्ध रचना त्याच प्रसंगातली मानतात.

यावरून सरफोजींबद्दल मन खट्टू करून घेऊ नका. या राजाला संगीताची खरी आवड होती. सरस्वती महाल ग्रंथालयाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्याला आजचं रूप त्यांनीच दिलं. त्यांच्या राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता, त्यासाठी पाश्चात्त्य पद्धतीने स्वर लिहून ठेवलेले होते. भरतनाट्यम आज ज्या क्रमाने सादर होतं, तो क्रम बसवणारे चार भाऊ, ज्यांना तंजावर चौकडी म्हणतात, याच दरबाराशी जोडलेले. आणि हे नृत्य प्रत्यक्ष करणाऱ्या होत्या देवदासी. दरबारात आणि देवळात गाणं-नाचणं हा त्यांचा पिढीजात पेशा. त्यांना लिहिता-वाचता येत असे, मालमत्ता त्यांच्या नावावर होत असे आणि ती आईकडून मुलीकडे जात असे. त्या काळी इतर घरांतल्या बायकांना यातलं काहीच नव्हतं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून जरा लक्षात ठेवा.

तीन पक्ष, एक समाधी

त्यागराजांनी अखेरीस संन्यास घेतला होता. संन्याशाचं दहन करत नाहीत, म्हणून कावेरीकाठी त्यांची समाधी झाली. पुढे ती जवळजवळ विसरली गेली. शिष्य आपापल्या घरी गुरूंची पुण्यतिथी करत. 1903मध्ये उमयाळपुरमच्या कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर या वृद्ध शिष्यांनी झाडाझुडपांतली ती जागा शोधून काढली आणि तिची डागडुजी केली. त्यानंतर काही वर्षांत शेजारच्या तिल्लैस्थानम गावचे दोन भाऊ, नरसिंह भागवतर आणि पंजू भागवतर, यांनी समाधीजवळ पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. यालाच 'आराधना' म्हणतात. तिथी पुष्य बहुल पंचमी, म्हणजे आपल्या कालनिर्णयात पौष वद्य पंचमी.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. तुमच्या सोसायटीच्या गणपतीत होतं तेच. दोन गट पडले. एक झाला 'पेरिय कट्चि' म्हणजे मोठा पक्ष, दुसरा 'चिन्न कट्चि' म्हणजे धाकटा पक्ष. दोघांचे वेगळे उत्सव, वेगळे गायक, वेगळ्या पंगती. ज्या संताने राजाचं धन परत केलं, त्याच्या नावाच्या वर्गणीवरून आणि मानावरून वर्षानुवर्षं धुसफुस चालली.

एका बाबतीत मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं. समाधीपुढे बाईने गायचं नाही.

नागरत्नम्मा कोण होत्या?

बंगळूर नागरत्नम्मांचा जन्म 1878चा, म्हैसूरजवळच्या नंजनगूडचा. आई पुट्टलक्ष्मी देवदासी होत्या. नागरत्नम्मा लहानपणीच संस्कृत शिकल्या, मग गाणं, मग नाच. कन्नड, तेलुगू आणि संस्कृत या भाषा त्यांना येत. आधी बंगळूर, मग मद्रास असा प्रवास करत त्या त्या काळातल्या नावाजलेल्या गायिका झाल्या. हजाराहून जास्त मैफली केल्या, ग्रामोफोनवर गायल्या. मद्रासमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्या पहिल्या काही स्त्री-कलाकारांत त्यांचं नाव येतं. थोडक्यात, हाती पैसा होता, तो स्वतः कमावलेला होता आणि तो कसा खर्चायचा हे त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं.

त्यांची एक गोष्ट आपल्या तंजावरशी जोडलेली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 18व्या शतकात तंजावरचे राजे प्रतापसिंह भोसले यांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तीही देवदासी. तिने 'राधिका सांत्वनमु' नावाचं तेलुगू शृंगारकाव्य लिहिलं. राधेच्या बाजूने लिहिलेलं, मनमोकळं आणि आपल्या आई-आजीचं नाव अभिमानाने सांगणारं. पुढे 19व्या शतकातल्या सुधारकांना ते अश्लील वाटलं. छापील प्रतीत काटछाट झाली. नागरत्नम्मांच्या हाती मूळ हस्तलिखित आलं तेव्हा त्यांनी 1910मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनाकडून ते पूर्ण छापून आणलं. त्यांचा सवाल सरळ होता : असलंच वर्णन पुरुष कवींनी केलेलं चालतं, मग बाईने केलं तर लाज कसली? इंग्रज सरकारने पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला 1947 उजाडलं.

एका मराठी राजाच्या पदरी असलेल्या कवयित्रीसाठी दीडशे वर्षांनी एक गायिका सरकारशी भांडते, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात कुठेच कसं नाही, असं वाटतं. असो.

नागरत्नम्मांच्या गुरूंची परंपरा त्यागराजांच्या शिष्यांपर्यंत जाणारी. तिरुवैयारुच्या समाधीची दुरवस्था त्यांच्या कानावर आली. दोन पक्ष उत्सव थाटात करत होते, पण समाधीच्या जागेची निगा कुणीच राखत नव्हतं. आजूबाजूला घाण, वर छप्पर नाही. 1921मध्ये त्यांनी काम हाती घेतलं. जमिनीचा प्रश्न सोडवला, जागा साफ केली, दागिने विकले, मद्रासचं घर विकलं. समाधीवर मंदिर बांधलं आणि त्यागराजांची मूर्ती बसवली. त्यागराजांची 108 नावं त्यांनी स्वतः संस्कृतात रचली. 1920च्या दशकाच्या मध्यात मंदिर तयार झालं, कुंभाभिषेक झाला.

मग उत्सव आला. नागरत्नम्मांनी मूर्तीपुढे हरिकथा करण्याची परवानगी मागितली. मिळाली नाही.

आम्ही समाधीसमोर उभे असताना मी हे आईला सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे घर हिचं आणि हिलाच पायरीवर बसवलं?" याहून नेमकं मला काही सुचलेलं नाही.

1927 : मागच्या बाजूचा कार्यक्रम

तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? कुलूप लावलं असतं? कोर्टात गेला असता? रागाने मद्रासची गाडी धरली असती?

नागरत्नम्मांनी तिसरा पक्ष काढला. 1927पासून समाधिमंदिराच्या मागच्या बाजूला बायकांचा स्वतंत्र उत्सव सुरू झाला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'पेण्गळ कट्चि', बायकांचा पक्ष. ठिकठिकाणच्या देवदासी गायिका आणि वादक कलावंतीण येऊ लागल्या. पुढे पुरुषांची मैफल, मागे बायकांची. एकच समाधी, एकच संत, त्याच रचना.

हे चित्र जरा डोळ्यांपुढे आणा. पौषातली थंडी, म्हणजे तिकडची थंडी, शाल पुरेल एवढी. कावेरीवरून येणारा वारा. मंदिराच्या पुढे मांडव, नामवंत विद्वान, मानाच्या सतरंज्या. मागे या बायका, ज्यांच्यातल्या अनेकींचं गाणं पुढच्या मांडवातले श्रोते एरवी मद्रासला पैसे मोजून ऐकत. मद्रासच्या सभागृहात त्यांचं गाणं चालत होतं. इथे मात्र त्यांच्या जातीवर आणि जन्मावर बोट ठेवलं जात होतं.

काळही त्यांच्यासाठी अवघड होता. त्याच 1927 सालापासून मद्रास विधिमंडळात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी देवदासी प्रथा बंद करण्यासाठी झटत होत्या. त्या स्वतः डॉक्टर, त्यांची आईही याच समाजातली. लहान मुलींना देवाला वाहून पुढे त्यांचं जे होतं, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. नागरत्नम्मा मात्र देवदासींच्या संघटनेच्या अध्यक्ष म्हणून विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही कलावंत आहोत, आम्हाला सरसकट वेश्या ठरवू नका, आमची मालमत्ता आणि आमची कला आमच्या हातून काढून घेऊ नका.

आज वाचताना मला दोघींचंही पटतं आणि त्यामुळे अस्वस्थ व्हायला होतं. मुली वाहणं थांबायलाच हवं होतं, 1947च्या कायद्याने ते थांबलं हे चांगलंच झालं. पण त्या धामधुमीत पिढ्यानपिढ्या गाणं सांभाळणाऱ्या बायकांना लाज वाटायला लावली गेली. पुढे तेच गाणं आणि तोच नाच 'चांगल्या घरच्या' मुली शिकू लागल्या आणि तो प्रतिष्ठेचा झाला. मागे बसून गाणाऱ्या त्या बँडमधल्या बऱ्याच जणींची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत.

तरी त्या दर वर्षी येत राहिल्या. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. भांडण न करता, पण जागाही न सोडता. मला या गोष्टीत सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. एकदा निषेध करणं सोपं असतं. दर पौषात सामानसुमान बांधून, गाडीचं तिकीट काढून, तंबोरा सांभाळत इतक्या लांब यायचं आणि पुन्हा मागच्याच बाजूला बसायचं, हे कठीण.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं?

'तिकडचे लोक फार सनातनी' असं म्हणून सुटता येणार नाही. त्याच 1920च्या दशकात आपल्याकडे हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली, तेव्हा तीही नवलाची गोष्ट होती. बाईने गावं ते कोठीवर किंवा बंद दाराआड, चारचौघांत बैठक मारून गाणं म्हणजे भलतंच, अशी समजूत होती. रंगभूमीवर तर बायकांची कामं अजून पुरुषच गाजवत होते. हिराबाईंनी साधी नऊवारी नेसून, हातवारे न करता, नुसतं गाणं गायलं आणि लोकांना ते ऐकायची सवय लावली.

आणि एक धागा बघा. हिराबाईंचे वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. मिरजेत त्यांच्या नावाने दर्ग्यात संगीतसभा होते, ती तुम्हाला ठाऊक असेल. हे खाँसाहेब दक्षिणेत खूप फिरले, कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं आणि त्यागराजांची रचना त्यांनी ग्रामोफोन रेकॉर्डवर गाऊन ठेवली आहे. आज ती इंटरनेटवर सहज सापडते. तिरुवैयारुच्या वाटेवर बसमध्ये हेडफोन लावून ऐका. मिरजेचा सूर, तेलुगू शब्द आणि खिडकीबाहेर कावेरीची भातशेती.

1940 नंतर

तिन्ही पक्षांना एकत्र आणायला शेवटी बाहेरच्या माणसांची गरज पडली. एस. वाय. कृष्णस्वामी हे आयसीएस अधिकारी आणि मुसिरी सुब्रमणिय अय्यर यांच्यासारखे वजनदार गायक मध्ये पडले. 1940मध्ये तिन्ही गट मिळून एकच सभा झाली, त्यागब्रह्म महोत्सव सभा. बायकांना समाधीपुढे गाता येऊ लागलं. 'पेण्गळ कट्चि'ची गरज संपली.

आज आराधनेचा जो प्रसंग जगभर दाखवला जातो, तो याच एकत्र येण्यानंतरचा. पंचमीच्या सकाळी त्यागराजांच्या घरापासून, तिरुमंजन वीथीतून, भजन गात मिरवणूक समाधीपर्यंत येते. मग नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या पंचरत्न रचना सगळे मिळून गातात. समोरासमोर दोन रांगा करून शेकडो गायक-वादक जमिनीवर बसतात. गाजलेले कलाकार आणि पहिल्यांदा आलेली कॉलेजातली मुलगी शेजारी शेजारी. कुणाच्या हातात व्हायोलिन, कुणापुढे मृदंगम, कुणी नुसतं मांडीवर ताल धरून. सगळ्यांचा आवाज एकच होतो. आकाशवाणी आणि दूरदर्शन ते थेट दाखवत आले आहेत. उत्सवाचे बाकीचे दिवस मांडवात सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं. एकेकाला मोजकी मिनिटं मिळतात आणि मानधन कुणालाच नाही.

त्या रांगांत बायका किती असतात हे मोजायच्या भानगडीत पडू नका, मोजून होणार नाहीत.

नागरत्नम्मा शेवटची वर्षं तिरुवैयारुलाच राहिल्या. 'त्यागसेवासक्ता' अशी पदवी त्यांना मिळाली. मद्रासच्या मोठ्या मैफली त्यांनी मागे सोडल्या होत्या. आपली मालमत्ता त्यांनी समाधीच्या व्यवस्थेसाठी लिहून ठेवली. 19 मे 1952 रोजी त्या गेल्या. त्यांचं स्मारक त्यागराजांच्या समाधीच्या अगदी जवळ आहे. आतमध्ये त्यांची मूर्ती आहे. आम्ही गेलो तेव्हा उत्सव संपून दोन-तीन आठवडे झाले होते, मांडवाचे बांबू एका बाजूला रचून ठेवलेले. आवारात आमच्याशिवाय एक शाळेतली मुलगी आणि तिची पाट्टी, म्हणजे आजी. मुलगी समाधीपुढे डोळे मिटून काहीतरी गात होती, बहुधा क्लासमधलं. आजी मधेमधे हाताने तालाची चूक दाखवत होती. गाणं झाल्यावर दोघी आधी नागरत्नम्मांच्या मूर्तीकडे गेल्या, नमस्कार केला आणि मग पायऱ्या उतरून नदीकडे.

तुम्ही गेलात तर

तिरुचिरापल्लीला विमानतळ आहे आणि रेल्वेचं मोठं स्टेशनही. तिथून तंजावर साधारण तासा-दीड तासाचा रस्ता. तंजावरमध्ये मुक्काम करा, कारण तिरुवैयारुत राहायची सोय बेताचीच आणि उत्सवात तर सगळं भरलेलं असतं. तंजावरच्या जुन्या बसस्टँडवरून तिरुवैयारुच्या बस सतत सुटतात. रिक्षापेक्षा बस घ्या, खिडकीत बसा.

उत्सव बघायचा असेल तर पौष वद्य पंचमी आधी बघून ठेवा. ती साधारण जानेवारीत येते, कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकते. पंचरत्नाच्या सकाळी जागा हवी असेल तर उजाडायच्या आत पोहोचावं लागतं. गर्दी झेपत नसेल किंवा सोबत लहान मूल, वयस्कर माणसं असतील, तर उत्सवाच्या मधल्या एखाद्या दिवशी दुपारी जा. मांडवात जमिनीवर बसायचं आहे, म्हणून एक पातळ चटई आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. शांतता हवी असेल तर सरळ उत्सव टाळून जा.

समाधीला गेलात की आधी पुढून दर्शन घ्या, मग मंदिराच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा. तिथे बघण्यासारखं खास असं काही नाही, जमीन आहे आणि पलीकडे नदी आहे. पण आता तुम्हाला माहीत आहे.

घाटापासून गावात चालत या. बाजारात 'अशोका' मागा. ही मुगाच्या डाळीची मिठाई, आपल्या मुगाच्या हलव्याची चुलत बहीण, पण जास्त मऊ आणि तुपाने इतकी भिजलेली, की बोटं चाटल्याशिवाय गत्यंतर नाही. केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम गरम देतात. आई म्हणाली, तूप जरा जास्तच आहे, आणि दुसरं पान मागवलं. त्यावर फिल्टर कॉफी घ्या, बिनसाखरेची मागितलीत तरी चालेल. घरी न्यायला पाव किलो बांधून घ्या. दोन दिवसांत संपवा, आणि परतीच्या बसमध्ये पूल उलटे मोजा.